शस्त्रक्रियेपूर्वी साठवलेल्या स्वतःच्या रक्तातील पांढऱ्या पेशी काढणे: टप्पे, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

ठरलेल्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णाचे स्वतःचे रक्त आधी काढून ठेवायचे आणि गरज पडल्यास तेच परत द्यायचे, ही पद्धत रक्तपेढीतल्या सर्वांना माहीत आहे. त्या रक्तातील पांढऱ्या पेशी काढून टाकण्याचे काम, म्हणजे ल्युकोरिडक्शन, मात्र पुष्कळदा चुकीच्या वेळी होते. पिशवी तीन-चार आठवडे शीतकपाटात राहते, शस्त्रक्रियेच्या दिवशी कोणाला तरी फिल्टरची आठवण होते आणि मग रक्त चढवताना नळीत फिल्टर जोडला जातो. हे वरातीमागून घोडे आहे. तोवर पांढऱ्या पेशी फुटलेल्या असतात, त्यांच्यातील द्रव्ये रक्तात मिसळलेली असतात आणि फिल्टर ती भरवशाने अडवू शकत नाही.

दुसऱ्याचे रक्त देताना पांढऱ्या पेशी काढण्याची कारणे वेगळी असतात. रुग्णाच्या शरीरात परक्या एचएलए प्रतिजनांविरुद्ध (पेशींवरील ओळखखुणांविरुद्ध) प्रतिपिंडे तयार होऊ नयेत आणि दात्याच्या पांढऱ्या पेशींमधून सायटोमेगॅलो विषाणू येऊ नये, ही त्यांतली मुख्य. रक्त रुग्णाचे स्वतःचेच असेल तेव्हा ही दोन्ही कारणे उरत नाहीत. उरतात ती साठवणुकीशी निगडित कारणे. ग्रॅन्युलोसाइट या प्रकारच्या पांढऱ्या पेशी पहिल्या दोन-तीन दिवसांतच विघटित होऊ लागतात. हिस्टामिन, इलास्टेज, मायलोपेरॉक्सिडेज यांसारखी द्रव्ये बाहेर पडतात. काही पेशी जिवंत असेपर्यंत सायटोकाइन, म्हणजे दाह आणि ताप आणणारी द्रव्ये, सोडतात. पेशींचे अवशेष, प्लेटलेट आणि फायब्रिन यांच्या सूक्ष्म गुठळ्या होतात. ताप, थंडी वाजणे, तांबड्या पेशींचे साठवणुकीतील नुकसान यांच्याशी या बदलांचा संबंध आहे. म्हणून ऑटोलॉगस, म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्याच रक्ताच्या, पिशवीच्या बाबतीत साठवणीपूर्वीच गाळणे हाच नियम धरावा. पुढचे सगळे टप्पे याच एका गोष्टीभोवती बेतलेले आहेत.

टप्पा १: या रुग्णासाठी हे करायचे का, ते आधी ठरवणे

पहिला प्रश्न फिल्टरचा नाही, रक्त साठवण्याचाच आहे. ज्या शस्त्रक्रियेत रक्त लागण्याची शक्यता खरोखर आहे, जिची तारीख पक्की आहे आणि ज्या रुग्णाला तांबड्या पेशींचे उत्पादन भरून काढायला पुरेसा अवधी आहे, तिथेच स्वतःचे रक्त साठवण्याला अर्थ आहे. दुर्मीळ रक्तगट असलेल्या किंवा अनेक प्रतिपिंडांमुळे जुळणारे रक्त मिळणे कठीण असलेल्या रुग्णांत हा उपयोग सर्वाधिक पटण्यासारखा आहे. रक्त लागण्याची शक्यताच कमी असेल तर आपण रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी रक्तक्षीण करतो आणि पिशवी शेवटी फेकून देतो.

साठवायचे ठरल्यावर गाळण्याचा निर्णय त्याच वेळी, म्हणजे पहिली पिशवी भरण्यापूर्वी व्हायला हवा आणि तो मागणीपत्रावर लिहिलेला असावा. ज्या रक्तपेढ्यांत प्रत्येक पिशवी गाळली जाते तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. इतर ठिकाणी मात्र शल्यचिकित्सकाने वेगळे लिहिले नाही तर साधी पिशवी वापरली जाते आणि नंतर सांगून उपयोग नसतो.

इथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगायला हवी. स्वतःच्याच रक्ताच्या बाबतीत गाळण्याचा फायदा दुसऱ्याच्या रक्ताइतका मोठा नाही. तो मिळतो तो वेळेवर गाळल्यामुळेच. उशिरा गाळायचे असेल तर खर्च, रक्ताचा थोडा अपव्यय आणि रुग्णशय्येजवळच्या फिल्टरचा वेगळा धोका (टप्पा १० पाहा) यांच्या बदल्यात हाती फारसे काही लागत नाही.

टप्पा २: शस्त्रक्रियेच्या तारखेपासून मागे मोजत वेळापत्रक

वेळापत्रक शस्त्रक्रियेच्या दिवसापासून उलटे मांडावे. सीपीडीए-१ या गोठणरोधक द्रावणातील रक्ताची मुदत ३५ दिवस असते. एसएजीएमसारख्या पोषक द्रावणात ठेवलेल्या तांबड्या पेशींची ४२ दिवस. शेवटची पिशवी आणि शस्त्रक्रिया यांत किमान ७२ तासांचे अंतर असावे, पण हा नियम शरीरातील द्रव भरून येण्यापुरता आहे. तांबड्या पेशी भरून यायला कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे शेवटची पिशवी शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी संपवणे कितीतरी शहाणपणाचे.

दोन पिशव्या हव्या असतील आणि मुदत ३५ दिवसांची असेल तर पहिली शस्त्रक्रियेच्या साधारण २८ दिवस आधी आणि दुसरी २१ ते १४ दिवस आधी, अशी मांडणी सोयीची पडते. पहिली पिशवी ३४ दिवस आधी घेतली आणि शस्त्रक्रिया दोन दिवस पुढे गेली की ती वाया जाते. शस्त्रक्रिया पुढे जातातच, म्हणून आठवडाभराची मोकळीक ठेवावी. लोहाच्या गोळ्या पहिली पिशवी घेण्यापूर्वीच सुरू कराव्यात. शेवटची पिशवी झाल्यावर सुरू केलेल्या लोहाचा शस्त्रक्रियेपर्यंत जेमतेम उपयोग होतो.

वेळापत्रकात आणखी एक रकाना हवा, तो बहुतेक ठिकाणी नसतो: पिशवी कोणत्या दिवशी, किती वाजता गाळली जाणार आणि त्या वेळी ते काम येणारी व्यक्ती हजर असेल का. सुटीच्या आदल्या दिवशी सायंकाळी घेतलेली पिशवी दोन दिवस तशीच पडून राहते.

> तपासा: तारीख पक्की आहे, मुदत शस्त्रक्रियेनंतर किमान आठवडाभर पुढे जाते, प्रत्येक पिशवीसाठी गाळण्याची वेळ आणि जबाबदार व्यक्ती लिहिलेली आहे.

टप्पा ३: रुग्णाची तपासणी, आणि त्यात फिल्टरच्या दृष्टीने काय पाहायचे

हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे किमान ११ ग्रॅम किंवा हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचा वाटा) ३३ टक्के, ही ऑटोलॉगस रक्तासाठीची सर्वत्र वापरली जाणारी किमान पातळी. तपासणीच्या नमुन्यांसह एका वेळी शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे १०.५ मिलिलिटरपेक्षा अधिक रक्त घेऊ नये. ४० किलो वजनाच्या रुग्णासाठी ही मर्यादा ४२० मिलिलिटर येते, म्हणजे ४५० मिलिलिटरची पिशवी त्याच्यासाठी नाहीच. अस्थिर हृदयशूल, महाधमनीच्या झडपेचे तीव्र आकुंचन किंवा चालू असलेला जंतुसंसर्ग असेल तर रक्त घेऊ नये.

इथवरचे सर्व जण पाहतात. फिल्टरच्या दृष्टीने पुढील चार गोष्टी विचारायच्या राहून जातात.

सिकल सेल ट्रेट, म्हणजे सिकल सेल आजाराचे एकच जनुक असणे. या रुग्णाला एरवी काहीही त्रास नसतो, हिमोग्लोबिनही चांगले असते, पण त्याचे रक्त ल्युकोफिल्टरमध्ये, म्हणजे पांढऱ्या पेशी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, पुष्कळदा अडकते. पिशवीतील रक्तात ऑक्सिजनची संपृक्तता कमी असते आणि सायट्रेट द्रावणामुळे परासरणी दाब वाढलेला असतो. अशा परिस्थितीत हिमोग्लोबिन एसचे (या रुग्णातील बदललेल्या हिमोग्लोबिनचे) बहुलक बनते, पेशी ताठर होतात आणि फिल्टरच्या तंतूंमध्ये रुततात. परक्या दात्याची पिशवी अडकली तर दुसरी घेता येते, या रुग्णाची घेता येत नाही. ज्या समाजगटांत हा गुणधर्म आढळतो तिथे तो ओळखणारी सोल्युबिलिटी चाचणी आधीच करून घ्यावी.

कोल्ड ॲग्लुटिनिन. थंड रक्तात तांबड्या पेशी एकमेकींना चिकटत असतील तर शीतकपाटातून काढलेली पिशवी गाळताना ती अडकणार. अशा रक्ताचे नियोजन सामान्य तापमानाला गाळण्याचेच ठेवावे.

पांढऱ्या पेशींची मूळ संख्या. फिल्टर ठरावीक प्रमाणात पेशी अडवतो. स्टिरॉइडमुळे किंवा रक्ताच्या आजारामुळे ही संख्या मुळात फार वाढलेली असेल तर गाळल्यानंतरही मर्यादेपेक्षा जास्त पेशी उरतात. संख्या अनपेक्षितपणे वाढलेली दिसली तर आधी जंतुसंसर्ग शोधावा, तोवर रक्त घेऊ नये.

अलीकडचे जुलाब, दातांचे उपचार, पायावरील जखमा, मूत्रमार्गातील नळी. यर्सिनिया एन्टेरोकोलिटिका हा जिवाणू शीतकपाटाच्या तापमानातही वाढतो आणि स्वतःच्याच साठवलेल्या रक्तातून त्याचा गंभीर संसर्ग झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. ‘रक्त तर माझेच आहे’ या समजुतीने रुग्ण पोटाच्या तक्रारी सांगत नाही. त्याला थेट विचारावे: गेल्या काही आठवड्यांत जुलाब किंवा पोटदुखीबरोबर ताप आला होता का?

> सावधान: जिवाणू असण्याची शंका असलेले रक्त फिल्टरमुळे सुरक्षित होत नाही. शंका असेल तर रक्त घेणे पुढे ढकलावे.

टप्पा ४: पिशवी आणि फिल्टर यांची निवड

रक्त चढवण्याच्या साध्या संचात १७० ते २०० मायक्रॉनची जाळी असते. ती गुठळ्या अडवते, पांढऱ्या पेशी नाही. २० ते ४० मायक्रॉनचा मायक्रोॲग्रिगेट फिल्टरही सुट्या पांढऱ्या पेशी अडवत नाही. ल्युकोफिल्टरमध्ये पॉलिएस्टरच्या अतिसूक्ष्म तंतूंचे थर असतात आणि पेशी त्यांत काही अंशी गाळल्या जातात, काही अंशी तंतूंना चिकटून राहतात. ‘फिल्टर लावला होता’ एवढ्या नोंदीवरून म्हणूनच काही कळत नाही. कोणता, ते लिहावे.

ऑटोलॉगस पिशवीसाठी सर्वांत सोयीचा संच म्हणजे रक्त घेण्याच्या पिशवीलाच कारखान्यात जोडलेला, संपूर्ण रक्त गाळणारा फिल्टर. पिशवी बदलताना चूक होण्याला वाव राहत नाही आणि बंद प्रणाली, म्हणजे बाहेरच्या हवेशी संपर्क न येणारी पिशव्या-नळ्यांची जोडणी, शाबूत राहते. तांबड्या पेशी वेगळ्या करून पोषक द्रावणात ठेवायच्या असतील तर ज्या संचात फिल्टर तांबड्या पेशींच्या वाटेवर आहे तो घ्यावा. अशी पिशवी नसेल आणि सुटा प्रयोगशाळा-फिल्टर जोडायचा असेल, तर स्टेराईल कनेक्टिंग डिव्हाइस, म्हणजे नळ्या निर्जंतुकपणे जोडणारे यंत्र, हवेच. नळी कापून किंवा टोचून जोडल्यास प्रणाली उघडी झाली असे मानले जाते आणि २ ते ६ अंश तापमानात ठेवूनही तिची मुदत २४ तासांवर येते. तीन आठवड्यांनी लागणारी पिशवी अशा रीतीने एका क्षणात निरुपयोगी होते.

बफी कोट, म्हणजे रक्त फिरवल्यावर मध्ये जमणारा पांढऱ्या पेशी व प्लेटलेटचा थर, काढून टाकल्याने पांढऱ्या पेशी साधारण एक दशांशापर्यंत खाली येतात, ल्युकोरिडक्शनच्या मर्यादेच्या जवळपासही जात नाहीत. पेशी धुण्याचेही तेच. विकिरणाने लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी निष्क्रिय होतात, पण पेशी पिशवीतच राहतात. शिवाय ज्या गुंतागुंतीसाठी विकिरण करतात ती स्वतःच्या रक्ताने होत नाही, त्यामुळे ऑटोलॉगस पिशवीला त्याची गरज नाही.

टप्पा ५: रक्त घेणे

फिल्टर अडकण्याची बहुतेक कारणे सुई टोचल्यापासूनच्या पहिल्या दहा मिनिटांत तयार होतात. शिरेतून रक्त हळू येत असेल आणि पिशवी सतत हलत नसेल तर नळीच्या तोंडाशी बारीक तंतुमय गुठळी होते. बाहेरून ती दिसत नाही; तीन तासांनी फिल्टरच्या वरच्या कडेला गडद, न हलणारी रेघ दिसते तेव्हा कळते. म्हणून ठळक शीर निवडावी, रक्त हलवणारे यंत्र चालू आहे याची खात्री करावी आणि रक्त घेणे १५ मिनिटांपेक्षा लांबले तर ती वेळ नोंदवावी. नळीतील रक्त स्ट्रिपरने (नळी दाबून पुढे सरकवण्याच्या चिमट्याने) पिशवीत ढकलून, मिसळून, पुन्हा नळी भरू द्यावी. नळीतील रक्ताला गोठणरोधक द्रावण मिळालेले नसते आणि तेच पुढे फिल्टरकडे जाते.

कमी वजनाच्या रुग्णाकडून कमी रक्त घ्यायचे असल्यास दर १०० मिलिलिटर रक्ताला १४ मिलिलिटर हे द्रावणाचे प्रमाण सांभाळावे. ४५० मिलिलिटरसाठी ६३ मिलिलिटर आणि ३५० साठी ४९ मिलिलिटर द्रावण असते ते याच हिशोबाने. शक्य असेल तिथे ३५० ची तयार पिशवी घ्यावी.

कमी रक्त घेण्याची आणखी एक किंमत आहे. फिल्टरमध्ये साधारण ३० ते ५० मिलिलिटर रक्त अडकून राहते आणि पिशवी लहान असली म्हणून ते कमी होत नाही. ४० मिलिलिटर अडकले असे धरले तर ४५० मिलिलिटरच्या पिशवीत, द्रावण धरून, सुमारे ८ टक्के जातात. २५० मिलिलिटरच घेतले असतील तर सुमारे १४ टक्के. आधीच अशक्त असलेल्या रुग्णाच्या तांबड्या पेशी अशा फेकणे योग्य आहे का, याचा विचार टप्पा १ मध्येच व्हायला हवा.

पिशवीवर रुग्णाचे नाव, रुग्णालयातील नोंदणी क्रमांक, रक्तगट, तारीख, वेळ आणि ‘फक्त स्वतःच्या वापरासाठी’ ही सूचना रुग्ण खुर्चीत बसलेला असतानाच लावावी व ती त्याच्याकडून वाचून घ्यावी. संचातील फिल्टरनंतरच्या रिकाम्या पिशवीवरही तोच पिशवी क्रमांक त्याच वेळी लावावा, कारण शेवटी रक्त त्या पिशवीत जाणार आहे.

टप्पा ६: गाळण्यापूर्वीचा विराम

रक्त घेतल्याबरोबर फिल्टरचा क्लॅम्प उघडू नये. २० ते २४ अंश तापमानात काही तास ठेवलेल्या रक्तात पांढऱ्या पेशी चुकून आलेले जिवाणू गिळतात आणि मग त्या पेशींबरोबर ते जिवाणूही फिल्टरमध्ये अडकतात. फार थांबले तर उलटे होते: पेशी फुटतात आणि गिळलेले जिवाणू पुन्हा रक्तात येतात. म्हणजे घाई आणि उशीर दोन्ही वाईट.

सामान्य तापमानाला गाळायचे असल्यास किमान दोन तास थांबून त्याच दिवशी काम पूर्ण करणे ही चांगली सवय आहे. संपूर्ण रक्त या तापमानाला २४ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. थंड करून गाळायला परवानगी असलेला फिल्टर असेल तर रक्त घेतल्यापासून शक्यतो ४८ तासांच्या आत गाळावे. कोणत्या तापमानाला, किती तासांच्या आत, हे फिल्टरच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते आणि ते प्रत्येक फिल्टरसाठी वेगळे असते. एकासाठी ठरवलेली पद्धत दुसऱ्याला लावणे ही वरकरणी साधी, पण मोजणीत हमखास उघडी पडणारी चूक आहे.

टप्पा ७: प्रत्यक्ष गाळणे

१. पिशवी हातात घेऊन सावकाश दहा-बारा वेळा उलटसुलट करावी. तळाशी बसलेल्या पेशी पूर्ण मिसळेपर्यंत टांगू नये. न मिसळलेल्या पिशवीतून आधी घट्ट पेशींचा थर फिल्टरवर जातो आणि प्रवाह सुरुवातीलाच मंदावतो.

२. पिशवी उजेडासमोर धरून पाहावी. गुठळी, जांभळट रंग, बुडबुडे, गळती यांपैकी काही दिसले तर तिथेच थांबावे.

३. दोन्ही पिशव्यांवरील क्रमांक मोठ्याने वाचून जुळवावेत. एकाच वेळी अनेक पिशव्या टांगल्या असतील तर ऑटोलॉगस पिशवी वेगळ्या स्टँडवर असावी.

४. माहितीपत्रकात दिलेल्या उंचीवर पिशवी टांगावी आणि रक्त गुरुत्वानेच उतरू द्यावे. उंची कमी केली तर वेळ लागतो, वाढवली तर प्रवाह वेगाने जाऊन पेशी तंतूंना चिकटण्याआधीच निसटतात.

५. क्लॅम्प उघडून फिल्टर भरताना पाहावा. रक्त कवचाच्या एका कडेने वर चढत पूर्ण पृष्ठभाग व्यापते. एखादा फिकट, कोरडा डाग राहिला तर तिथे हवा अडकलेली असते; तितका भाग गाळण्याच्या कामी येत नाही. हवा काढण्याची रीत त्या-त्या संचाप्रमाणे करावी, फिल्टर आपटू नये.

६. सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ लिहावी. नेहमीच्या पिशवीला त्या फिल्टरने किती वेळ लागतो हे माहीत असेल तरच लांबलेली वेळ लक्षात येते.

७. पिशवी रिकामी झाल्यावर फिल्टरमधील उरलेले रक्त मिळवण्यासाठी ती पिळू नये. तंतूंना चिकटलेल्या पेशी दाबाने सुटून पलीकडे जातात. शेवटचे पंधरा-वीस मिलिलिटर वाचवण्यासाठी सगळ्या पिशवीचे काम पाण्यात घालण्यासारखे आहे ते. जिथे संचात हवा परत घेण्याची वेगळी नळी आहे तिथे तिचाच उपयोग करावा.

> सावधान: प्रवाह मंदावला म्हणून पिशवीवर दाब देणे, नळी वारंवार पिळणे किंवा फिल्टरला टिचक्या मारणे यांमुळे पेशी फुटतात आणि गाळलेल्या रक्तात पांढऱ्या पेशी वाढतात. हे कोणत्याही कारणाने करू नये.

फिल्टर पूर्ण अडकला तर काय करायचे, हे आधीच लिहून ठेवलेले असावे, कारण ऑटोलॉगस पिशवीच्या बाबतीत ‘फेकून दुसरी घ्या’ हे उत्तर चालत नाही. आधी दोन्ही क्लॅम्प बंद करावेत. नळीला पीळ आहे का, क्लॅम्प अर्धवट उघडा आहे का, संचातील मोडून उघडायचा अडसर पूर्ण मोडला आहे का, हे पाहावे. पुष्कळदा कारण एवढेच असते. तसे नसेल तर वरच्या पिशवीत गुठळी शोधावी. गुठळ्या दिसल्या तर ते रक्त रुग्णाला देण्यायोग्य नाही. गुठळी नसेल तर सिकल ट्रेट आणि कोल्ड ॲग्लुटिनिन यांच्या चाचण्या पाठवाव्यात आणि रक्तसंक्रमण अधिकाऱ्याला कळवावे. बंद प्रणाली शाबूत असेल तर न गाळलेले रक्त ‘ल्युकोरिडक्शन झालेले नाही’ अशा स्पष्ट लेबलासह ठेवता येते. मात्र सिकल ट्रेट असलेल्या रुग्णाला ते द्यायचे का, हा निर्णय भूलतज्ज्ञ आणि रक्तसंक्रमण अधिकारी यांनी मिळून घ्यावा. अर्धे गाळलेले आणि अर्धे न गाळलेले रक्त पुन्हा एकत्र करू नये. स्टेराईल कनेक्टिंग डिव्हाइस हाताशी असल्याशिवाय दुसरा फिल्टर जोडण्याचा प्रयत्नही करू नये.

टप्पा ८: सील, वजन आणि लेबल

गाळलेल्या पिशवीकडची नळी सीलरने बंद करून फिल्टर वेगळा करावा. पिशवीच्या नळीत गाळलेले, नीट मिसळलेले रक्त भरून तिचे क्रमांकित तुकडे करावेत. त्या तुकड्यांत गाळण्यापूर्वीचे रक्त राहिले तर मोजणी विनाकारण फसते.

पिशवीचे वजन करून, रिकाम्या पिशवीचे वजन वजा करून, ग्रॅमला १.०६ ने भागावे म्हणजे मिलिलिटर मिळतात. ही नवी मात्रा लेबलवर लिहावी. पूर्वीचे ४५० तसेच राहू देऊ नये. ल्युकोरिडक्शन झाल्याची नोंद, रक्त घेतल्याची मूळ तारीख आणि मुदत लिहावी. मुदत रक्त घेतल्याच्या दिवसापासून मोजतात, गाळल्याच्या नव्हे.

टप्पा ९: गाळले गेले हे सिद्ध करणे

न गाळलेल्या एका पिशवीत पांढऱ्या पेशी साधारण १०० कोटींच्या वर असतात. अमेरिकी मानकांनुसार गाळलेल्या पिशवीत ५० लाखांपेक्षा कमी, युरोपीय मानकांनुसार १० लाखांपेक्षा कमी उरायला हव्यात. अमेरिकी मानकांत मूळ तांबड्या पेशींपैकी किमान ८५ टक्के टिकायला हव्यात, ही अटही जोडलेली आहे.

नेहमीच्या सेल काउंटरवर ही मोजणी करता येत नाही. ३०० मिलिलिटरच्या पिशवीत १० लाख पेशी म्हणजे एका मायक्रोलिटरमागे साधारण तीन पेशी. यंत्र अशा नमुन्यात शून्य दाखवते आणि ते शून्य नोंदवहीत जाते. त्यासाठी नॅजिओट चेंबर (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजण्याची मोठी काचपट्टी) किंवा प्रोपिडियम आयोडाइड हा रंग वापरून केलेली फ्लो सायटोमेट्री (पेशी एकेक करून प्रकाशाने मोजणारी यंत्रपद्धत) हवी. नॅजिओटचे गणित सोपे आहे. चेंबरमध्ये ५० मायक्रोलिटर द्रव मावतो. नमुना दहापट विरळ केला असेल तर मोजलेल्या पेशी गुणिले १०, भागिले ५०, हे दर मायक्रोलिटरचे उत्तर. संपूर्ण चेंबरमध्ये १५ पेशी दिसल्या तर ते उत्तर ३ येते आणि ३०० मिलिलिटरच्या पिशवीत ९ लाख पेशी होतात. मोजण्यापूर्वी चेंबर ओलसर, झाकलेल्या बशीत दहा-पंधरा मिनिटे ठेवावे, म्हणजे पेशी तळाशी बसतात. लगेच मोजल्यास त्या सुटतात आणि पिशवी आहे त्याहून चांगली दिसते.

नमुना शक्यतो २४ तासांच्या आत मोजावा. पेशी विघटित झाल्यावर संख्या आपोआप कमी दिसते, आणि तो आकडा फिल्टरचे काम दाखवत नाही. मोठ्या रक्तपेढ्यांत ही तपासणी ठरावीक प्रमाणात निवडलेल्या पिशव्यांवर होते; ज्या ऑटोलॉगस पिशवीला गाळायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला किंवा जिच्या रुग्णात पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या, ती मात्र निवडीत आली नसली तरी मोजावी.

> तपासा: मात्रा, उरलेल्या पेशी, गाळण्याचा वेळ, फिल्टरचा लॉट क्रमांक आणि काम करणाऱ्याची सही, हे पाचही एकाच ओळीत नोंदले आहेत.

टप्पा १०: साठवण आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी

पिशवी २ ते ६ अंशांत, ऑटोलॉगससाठी राखून ठेवलेल्या कप्प्यात ठेवावी. देण्यापूर्वी रंग आणि वरच्या द्रवाचा गुलाबीपणा पाहावा. पिशव्या एकाहून अधिक असतील तर जुनी आधी द्यावी आणि स्वतःचे रक्त शिल्लक असताना दुसऱ्याचे देऊ नये. त्याच वेळी, केवळ साठवलेले आहे म्हणून चढवूही नये. पिशवीची अदलाबदल, जिवाणू आणि द्रवाचा अतिभार हे धोके स्वतःच्या रक्तातही असतात.

गाळलेल्या पिशवीलाही चढवताना १७० ते २०० मायक्रॉनचा साधा संच लागतोच. साठवणीत नव्या गुठळ्या होऊ शकतात. दुसरा ल्युकोफिल्टर मात्र जोडू नये. त्याने लाभ नाही आणि एक धोका आहे: रुग्णशय्येजवळ वापरलेल्या काही ल्युकोफिल्टरमुळे अचानक रक्तदाब कोसळल्याच्या घटनांवरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये इशारा दिला होता. ऋणभारित तंतूंच्या संपर्कात ब्रॅडिकायनिन हे रक्तदाब उतरवणारे द्रव्य तयार होते, आणि एसीई इनहिबिटर गटातील रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांत ते लवकर नष्ट होत नाही. साठवणीपूर्वी गाळलेल्या पिशवीत तयार झालेले ब्रॅडिकायनिन साठवणीच्या काळात विघटित होऊन गेलेले असते. वेळेवर गाळण्याच्या बाजूचे हे आणखी एक कारण, आणि शस्त्रक्रियागृहात ते सर्वांत निकडीचे.

रुग्णाची ओळख, रक्तगट आणि पिशवी क्रमांक दोघांनी मिळून जुळवावेत. शीतकपाटातून बाहेर काढल्यापासून ३० मिनिटांत सुरुवात करावी आणि चार तासांत पूर्ण करावे. ताप, थंडी किंवा रक्तदाब घसरणे दिसले तर ‘रक्त त्याचेच आहे, फिल्टरही झाला आहे’ असे म्हणून पुढे चालू ठेवू नये. रक्त थांबवावे, शीर सलाईनने चालू ठेवावी, लेबल पुन्हा जुळवावे, पिशवी रक्तपेढीकडे परत पाठवून तिच्यातील आणि रुग्णाच्या रक्तातील जिवाणूंची तपासणी करून घ्यावी. न वापरलेली पिशवी दुसऱ्या रुग्णासाठी वळवू नये. ऑटोलॉगस रक्तासाठीचे निकष परक्या दात्याच्या निकषांपेक्षा सैल असतात, त्यामुळे ती नियमानुसार नष्ट करून त्याची नोंद करावी.